रामघाटाहून चुनारला

काशीच्या घाटांची नावे सांगा म्हटले की दशाश्वमेध आणि मणिकर्णिका ही दोन नावे कोणाच्याही ओठांवर प्रथम येतात. थोडा अधिक माहीतगार असेल तो अस्सी, हरिश्चंद्र, पंचगंगा ही नावे जोडील. रामघाटाचे नाव मात्र क्वचितच निघते. आणि तरीही, वाचकहो, मराठी कुटुंबाने काशीत चार दिवस मुक्काम करावयाचे ठरविले, तर उतरण्यास ह्याच्याइतकी आपलेपणाची जागा मला दुसरी दिसत नाही. घाटावर उभे राहून उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, पाहिले तर शिंदे घाट आणि त्यापलीकडे मणिकर्णिकेचा न विझणारा धूर दिसतो. डावीकडे चार पावलांवर पंचगंगा. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे आणि सारे घाट तिच्या पश्चिम तीरावर आहेत. त्यामुळे समोरच्या वाळवंटावर उगवलेला सूर्य थेट पायऱ्यांवर येऊन बसतो. पहाटेच्या त्या उजेडात पिवळसर दगडाच्या पायऱ्या एखाद्या जुन्या हस्तिदंतासारख्या दिसतात. हा दगड चुनारचा. तो ध्यानात ठेवा. पुढे आपणांस त्याच्याच गावी जावयाचे आहे.

ह्या भागातून नदीकाठाने चालत गेलात तर इतिहासाच्या पुस्तकातील आपली मंडळी एकामागून एक भेटू लागतात. नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, ग्वाल्हेर दरबारच्या जटारांचा घाट, ग्वाल्हेर घाट अशी ही नावे आहेत. पंचगंगेवरचे बिंदुमाधवाचे सध्याचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले, आणि तेथील दगडी दीपमाळ, जिला तेथे 'हजारा' म्हणतात, ती अहिल्याबाई होळकरांची आठवण सांगते. नाथांचे भागवत १५७३ साली पुरे झाले ते ह्याच नगरीत. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला १६७४ साली रायगडावर गेलेले गागाभट्ट हेही काशीचेच. रामघाटावरच सांगवेद विद्यालय आहे. सकाळी त्याच्या खिडक्यांतून संथा म्हणणाऱ्या बटूंचे स्वर खाली पाण्यापर्यंत ऐकू येतात. शुक्ल यजुर्वेदाचे अवघड असे दंडक्रम पारायण २०२५ साली ह्याच विद्यालयात एका तरुणाने तोंडपाठ पुरे केले आणि वर्तमानपत्रांत त्याचे मोठे कौतुक झाले. तो तरुण अहिल्यानगरचा. दुर्गाघाट, ब्रह्माघाट ह्या बाजूच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी आजही आहेत. त्यांच्या मराठीला हिंदीची अशी काही गोड लय चढलेली आहे की, ऐकणाऱ्याला क्षणभर आपण कोठे आहोत हा प्रश्न पडावा.

काशीला येणारा यात्रेकरू पूर्वीपासून सारे काही भाड्यानेच घेत आला आहे. राहावयास तीर्थोपाध्यायाच्या वाड्यातील खोली, बसावयास एक्का, पलीकडे जावयास नाव, आणि चालवत नसेल तर डोली. १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेत गेलेले विष्णुभट गोडसे ह्यांनी 'माझा प्रवास' ह्या पुस्तकात त्या काळच्या प्रवासाचे वर्णन करून ठेविले आहे. अखेरीस ते काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात आईवडिलांकडे परतले. कावड तेवढी कोणी भाड्याने नेत नसे. आता एक्के गेले. त्यांच्या जागी सायकलरिक्षा, ऑटोरिक्षा आणि विजेवर चालणाऱ्या रिक्षा आल्या. आणि अलीकडे आणखी एक वाहन भाड्याने मिळू लागले आहे, ज्याची आपल्या वाडवडिलांनी कल्पनाही केली नसती. ते म्हणजे मोटारसायकल. तीही साधी नव्हे, तर जिला 'क्रूझर' म्हणतात ती, लांबलचक, ठेंगण्या बैठकीची, दमदार आवाजाची.

माझा भाचा गेली पंधरा वर्षे इंग्लंडात राहतो. गेल्या फाल्गुनात तो पत्नीला आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन सुट्टीवर आला. येताना सांगलीहून त्याने आपल्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, बरोबर घेतले आणि सर्व मंडळी रामघाटावर येऊन उतरली. अक्काचे वय एकाहत्तर. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. दोघांनी मिळून करावयाची काशीयात्रा आज-उद्या करता करता राहून गेली होती, ती ह्या निमित्ताने घडली. मी पुण्याहून त्यांना मिळालो. भाच्याला भारत हा परदेश नव्हे हे खरे. पण त्याच्या मुलीला तो आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने आता भाच्यालाही आहे. कारण त्याचा पासपोर्ट तिकडचा आणि वाहन चालविण्याचा परवानाही तिकडचाच. सुट्टीत परक्या देशी मोटारसायकल भाड्याने घेणाऱ्या कुटुंबाचे सारे प्रश्न त्यामुळे आमच्यापुढे आपोआप उभे राहिले. आपणही उद्या थायलंडला किंवा युरोपात जाल तेव्हा तेच प्रश्न आपल्यापुढे येतील, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न परवान्याचा. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना म्हणून जी पुस्तिका मिळते ती ज्याच्या त्याच्या देशातच काढून आणावी लागते. परक्या देशात पोहोचल्यावर ती मिळत नाही. भारतीयाने परदेशी जाण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून ती घ्यावयाची. तिची मुदत एक वर्षाची असते. ही पुस्तिका एकटी चालत नाही. मूळ परवाना जवळ हवाच. आणि मूळ परवान्यात मोटारसायकलीचा वर्ग नसेल तर पुस्तिकेवर तो उगवत नाही. केवळ मोटारीचा परवाना असलेल्या गृहस्थांनी समुद्रकिनाऱ्याच्या गावी जाऊन दुकानदाराच्या "काही होत नाही" ह्या शब्दावर मोटारसायकल घेणे हा सरळसरळ बिनपरवाना प्रवास होय. आणखी एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. ह्या पुस्तिका दोन करारांन्वये दिल्या जातात. एक १९४९ चा जिनिव्हा करार आणि दुसरा १९६८ चा व्हिएन्ना करार. भारताची पुस्तिका पहिल्या कराराची. ज्या देशाने केवळ दुसराच करार मान्य केला आहे तेथे ती उपयोगी पडत नाही. व्हिएतनाम हे ह्याचे ठळक उदाहरण. तेथे सुट्टीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या अलीकडे किती वाढली आहे हे आपण पाहतोच. निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या वकिलातीकडे चौकशी करणे हाच सुरक्षित मार्ग. भाच्याने ही चौकशी केलेली होती. त्याच्याजवळ १९४९ च्या कराराची पुस्तिका होती आणि तीत मोटारसायकलीच्या 'अ' वर्गावर शिक्का होता.

दुसरा प्रश्न वाहनाचा. आपल्याकडे मोटारसायकली भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची १९९७ ची योजना आहे. तिच्याखाली परवाना घेतलेल्या धंदेवाइकानेच वाहने भाड्याने द्यावयाची असतात. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने दिलेल्या वाहनाची नंबरपट्टी काळी असून तीवर पिवळी अक्षरे असतात. गोव्यात अशा पट्ट्यांची वाहने आपण पाहिली असतील. पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरे असलेले वाहन म्हणजे खाजगी वाहन. ते कोणी भाड्याने देऊ लागला तर भाडे कमी पडते हे खरे; परंतु अपघात झाला म्हणजे विम्याचा दावा तेथेच अडतो, आणि परक्या गावी, कुटुंब बरोबर असताना, अडलेल्या दाव्याइतकी महाग वस्तू नाही. आम्ही प्रथम ज्या दुकानात गेलो तेथे पांढरी पट्टी पाहून भाच्याने नमस्कार केला व आम्ही बाहेर पडलो. दुकानदार रागावला नाही. उलट त्यानेच पुढच्या गल्लीतले काळ्या पट्टीचे दुकान दाखविले. हा बनारसी स्वभाव.

दुसऱ्या दुकानात मात्र आमचा अर्धा तास मोडला, आणि तो मोडलाच पाहिजे. नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण तपासणीचा दाखला ह्यांच्या तारखा पाहावयाच्या. वाहनाच्या चारी बाजूंनी, दुकानदारासमक्ष, छायाचित्रे काढून ठेवावयाची, म्हणजे जुना ओरखडा नव्या गिऱ्हाइकाच्या नावावर चढत नाही. ब्रेक, दिवे, टायरांच्या नक्षीची खोली ह्या गोष्टी उभ्या वाहनातच तपासावयाच्या. अनामत रक्कम द्यावी; पण पासपोर्ट ओलीस ठेवू नये. त्याची नक्कल द्यावी. ज्या दुकानी नक्कल चालत नाही ते दुकान आपल्या उपयोगाचे नाही असे समजावे.

क्रूझर म्हणजे नेमके काय, हे ज्यांनी तिच्यावर बसून पाहिले नाही त्यांना शब्दांत सांगणे थोडे कठीण. साध्या मोटारसायकलीवर माणूस पुढे झुकून बसतो. क्रूझरवर तो आरामखुर्चीत बसावा तसा बसतो. पाय पुढे, हात रुंद, पाठ ताठ. बैठक खाली असल्यामुळे थांबल्यावर दोन्ही पाय सपाट जमिनीस लागतात. ह्या जातीची कल्पना अमेरिकेतील लांब, सरळ रस्त्यांवरची. आपल्याकडे तिचे पूर्वज शोधू लागले तर मात्र ते 'बुलेट'कडे जाते. १९५५ साली मद्रासजवळ रॉयल एन्फिल्डची बुलेट तयार होऊ लागली, प्रथम मुख्यतः लष्करासाठी. आणि पुढे ज्या विलायती कारखान्याची ती होती तो बंद पडला, पण मद्रासची फटफटी वाजतच राहिली. खास क्रूझर घाटाच्या गाड्यांत पुण्याच्या बजाजची 'ॲव्हेंजर' २००५ साली बाजारात आली. आम्हांस मिळाली ती रॉयल एन्फिल्डची 'मिटिऑर'. इंजिन ३४९ घन सेंटीमीटरचे, बैठक जमिनीपासून ७६५ मिलिमीटर, आणि वजन १९१ किलो. हा शेवटचा आकडा विसरू नका. धावत असता हे वजन जाणवत नाही. उतारावर मागे ढकलताना किंवा चिखलात तोल जाताना मात्र ते पुरेपूर जाणवते.

म्हणूनच ही गाडी रामघाटापर्यंत आणण्याचा विचार कोणी करू नये. चौखंबा, ठठेरी बाजार ह्या बाजूने घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्या म्हणजे दोन उंच भिंतींमधली दगडी फरसबंदीची चिंचोळी वाट. समोरून गाय आली तर माणसाने कोणाच्या तरी उंबरठ्यावर चढावयाचे असते. स्थानिक तरुण हलक्या दुचाक्या तेथूनही नेतात, भोंगा न सोडता. त्यांना वळण न्‌ वळण पाठ आहे. पाहुण्याने ते करू नये. आमची गाडी मैदागिनजवळच्या वाहनतळावर राहिली. त्याच भागात पराडकर स्मृती भवन आहे. बाबूराव विष्णू पराडकर हे काशीत १८८३ साली जन्मलेले मराठी गृहस्थ हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे आचार्य मानले जातात आणि त्यांचा 'आज' हा पत्रव्यवसायातील एक मानदंड ठरला, ही गोष्ट आपल्या मुलांना तेथे उभे राहून सांगण्यासारखी आहे.

आता तिसरा प्रश्न, आणि खरा प्रश्न. मोटारसायकलीवर दोन माणसे बसतात. मोटार वाहन कायदा चालकाच्या मागे एकाच व्यक्तीला बसू देतो. कुटुंबात माणसे चार, आणि मी धरून पाच. सुट्टीसाठी मोटारसायकल घेणारा घरचा कर्ता पुरुष बहुधा हा हिशेब शेवटी करतो. तो स्वतःला वाऱ्यावर पाहतो, मागची जागा मनातल्या मनात पत्नीला देतो, आणि उरलेली मंडळी तेव्हा कोठे असतील ह्याचा विचार राहून जातो. भाच्याने रात्री गच्चीवर नकाशा पसरला आणि चुनारचा बेत सांगितला तेव्हा हेच झाले. नात म्हणाली, "मी बसणार." सून काही बोलली नाही, पण तिनेही इंग्लंडातून निघताना शिरस्त्राण बरोबर आणले होते, त्याचा अर्थ उघड होता. चार वर्षांखालील मूल असेल तर २०२३ पासून त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, मापाचे शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असे नियम आहेत. नात दहा वर्षांची. तिला शिरस्त्राण पुरे, पण पाय पायटेकूवर नीट पोहोचले पाहिजेत. ते पोहोचत होते. वाद रंगणार असे वाटले.

तेव्हा कोपऱ्यातून अक्का म्हणाली, "रस्त्यात मला थोडं बसवशील का रे मागे?"

कोणी उत्तर दिले नाही. मग तिनेच सांगितले, की लग्नानंतरची बारा वर्षे ती यजमानांच्या जावावर मागे बसली होती. नरसोबाच्या वाडीला, औदुंबरला, एकदा तर भर पावसात कोल्हापूरपर्यंत. पुढे मोटार आली आणि जावा विकली गेली. "विकली तेव्हा ते दोन दिवस बोलले नव्हते," ती म्हणाली, "आणि मला तेव्हा त्यांचं हसू आलं होतं."

भाचा माझ्याकडे पाहू लागला. ह्या वयात, गुडघे दुखत असता, हे करावे की न करावे? मला वाटते, अशा वेळी हळवेपणाने होकार देणे आणि काळजीपोटी नकार देणे ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच सोप्या असतात. आम्ही काय केले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाऊन तीच गाडी, पण मागच्या बैठकीला पाठटेकू असलेली, मागितली. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी जाळी आणि मागे बसणाऱ्यासाठी हातांची पकड ह्या गोष्टी आपल्या मोटार वाहन नियमांतच सांगितलेल्या आहेत. लुगड्याचा पदर चाकात जाऊन किती संसार उद्ध्वस्त झाले असतील, म्हणून हा नियम. हौशी लोक मात्र शोभेखातर ती जाळी काढून टाकतात. आमच्या गाडीचीही काढलेली होती. दुकानदाराने ती शोधून पुन्हा बसवून दिली. तरीही साडी नेसून एका बाजूस पाय टाकून बसणे क्रूझरवर धोक्याचेच, कारण सारे वजन एका अंगाला पडते. अक्काने सुनेचा पंजाबी पोशाख घातला. आयुष्यात पहिल्यांदा. नातीने तिला आपले बूट देऊ केले, पण ते लहान झाले. मग ठठेरी बाजाराच्या अलीकडून कापडी बूट आणले. वस्तीतला रस्ता टाळून मोकळ्या रस्त्यावर, दिवसा, ताशी ४० च्या वर नाही, आणि दुखू लागले की खांद्यावर दोनदा थाप मारावयाची, एवढे ठरले.

तिसऱ्या दिवशी सहा वाजता आम्ही निघालो ते दोन वाटांनी. भाचा एकटा मैदागिनवरून मोटारसायकल घेऊन शहराबाहेर पडला. बाकीची मंडळी रामघाटाच्या पायऱ्या उतरून भाड्याच्या नावेत बसली. अक्काच्या गुडघ्यांना तो उतारही सोपा नव्हता. पण मल्लाहाने वरपर्यंत येऊन हात दिला आणि "माताजी, गंगाजी को क्या जल्दी है" म्हणत तिला एकेक पायरी उतरविले. नाव प्रवाहाविरुद्ध, दक्षिणेकडे चालली. शिंदे घाटाजवळचे कललेले रत्नेश्वराचे मंदिर, मणिकर्णिका, २०२१ साली विश्वनाथ मंदिरापासून नदीपर्यंत उघडलेली नवी प्रशस्त वाट, मानमंदिराची वेधशाळा, दशाश्वमेध असे सारे शहर पडद्यावरच्या चित्रासारखे उजवीकडून सरकत जाते. शिवाला घाटावर चेतसिंगाचा किल्ला आहे. १७८१ साली वॉरन हेस्टिंग्जने ह्या राजाला येथे कैद केले. त्याच्या माणसांनी शिपायांवर हल्ला चढविला आणि राजा पागोट्यांचा दोर करून नदीत उतरून निसटला. पुढे हेस्टिंग्जवरच रातोरात पळण्याची पाळी आली. तो पळाला कोठे, तर चुनारच्या किल्ल्यात. आमचीही तीच दिशा होती, फक्त घाई नव्हती.

रामनगरला राजवाड्याखाली नाव लागली तेव्हा भाचा पूल ओलांडून केव्हाच येऊन पोहोचला होता. हा किल्लेवजा वाडा राजा बलवंतसिंगाच्या वेळचा, अठराव्या शतकाच्या मध्यातला, आणि चुनारच्याच दगडाचा. लालबहादूर शास्त्रींचे जुने घरही रामनगरातच असून ते आता संग्रहालय झाले आहे. परतताना तेथे थांबावे. सकाळी ते उघडलेले नसते. पुढल्या प्रवासासाठी आम्ही एक मोटार ठरविली होती. नारायणपूरपर्यंत मागच्या बैठकीवर सून बसली. गव्हाची शेते दोन्ही बाजूंना पिवळी होऊ लागली होती, मोहरी निघाली होती. रस्ता चांगला, पण मालमोटारींची वर्दळ मोठी, आणि त्या मागून आल्या की दुचाकीस्वाराने मानापमान न मानता बाजूला व्हावे हे उत्तम.

नारायणपूर मागे पडल्यावर एका चहाच्या टपरीपाशी दोन्ही वाहने थांबली. अक्काने शिरस्त्राण घातले, पट्टा सुनेने आवळला. स्टुलावर चढून ती बसली, पाठटेक्याला टेकली, आणि मुलाच्या खांद्यावर हात न ठेवता सवयीने बाजूची पकड धरली. पन्नास वर्षांपूर्वीची सवय होती ती. गाडी निघाली. आम्ही मोटारीतून मागे चालत होतो. नात खिडकीतून मान काढून पाहत होती आणि तिला आत ओढण्याचे काम माझ्याकडे होते. पुढच्या तीन-चार कोसांत अक्काने एकदाही थाप मारली नाही. चुनारच्या अलीकडे रस्ता खडबडीत लागला तेव्हा भाच्यानेच गाडी थांबविली आणि तिला मोटारीत बसविले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "हिचा आवाज जावासारखा नाही. पण वास तोच आहे, पेट्रोलचा आणि उन्हाचा."

चुनारचा किल्ला गंगेच्या वळणावर, पाण्यात पाय सोडून बसलेल्या खडकावर उभा आहे. शेरशहा, हुमायून, मोगल, इंग्रज अशा सर्वांनी तो घेतला आणि सोडला. देवकीनंदन खत्री ह्यांच्या 'चंद्रकांता' ह्या अद्भुत कादंबरीतील चुनारगड तो हाच. भर्तृहरीची समाधी येथे दाखवितात. तटावर उभे राहिले की नदीचे ते मोठे वळण एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि आसपासच्या टेकड्यांतून निघणारा तो पिवळसर, बारीक कणांचा वालुकाश्म कोठून कोठवर गेला ह्याची कल्पना येते. अशोकाचे स्तंभ ह्या दगडाचे. काशीचे घाट ह्या दगडाचे. खाणीतून निघालेला दगड नावेत घालून प्रवाहाबरोबर सोडला की तो काशीला पोहोचे. जी नदी आम्हांला सकाळी विरोध करीत होती तिनेच रामघाटाच्या पायऱ्या येथून वाहून नेल्या असतील, हे नातीला सांगितले तेव्हा तिने किल्ल्याच्या वाटेवरचा एक चपटा तुकडा उचलून खिशात टाकला. पुरातन वास्तूतील काही उचलू नये म्हणून मी तो परत ठेववला. खाली बाजारात चुनारी मातीची चकचकीत भांडी मिळतात, त्यांतला एक लहानसा लोटा तिला घेऊन दिला आणि समेट झाला.

आपण असा बेत करणार असाल तर काळ नीट निवडा. पौष-माघात येथे सकाळी धुके इतके दाट असते की पुढचे वाहन दिसत नाही; तेव्हा मोटारसायकल नकोच. पावसाळ्यात गंगा घाटांच्या पायऱ्या गिळते आणि नावा बंद असतात. ज्येष्ठातले ऊन सांगावयास नको. फाल्गुन आणि कार्तिक हे दोन महिने चांगले; मात्र कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळीची गर्दी एवढी असते की रामघाटावर खोली मिळविण्यासाठी कित्येक महिने आधी लिहावे लागते. काशी ते चुनार हे अंतर एका बाजूने सुमारे ४० किलोमीटर. सकाळी लवकर निघून दिवे लागण्यापूर्वी परत यावे. भाडे दिवसावर असले तरी गाडी रात्री चालविण्याचा मोह धरू नये.

संध्याकाळी अक्काचे गुडघे सुजले होते. तिने ते कोणाला सांगितले नाही. सुनेने पाहिले आणि गरम पाण्याची पिशवी आणली. पंचगंगेवर दिवा सोडावयाचा होता, तो मुलाने तिच्या वतीने सोडला आणि ती रामघाटाच्या वरच्या पायरीवर बसून पाहत राहिली. तो दिवा इतर दिव्यांत मिसळला तेव्हा तिचा कोणता हे आम्हांला ओळखू येईना. तिला येत होता असे ती म्हणाली.

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याकडे होती, आणि सकाळचा क्रम नातीचा. सारनाथ काशीहून सुमारे १० किलोमीटर. तेथील संग्रहालयात अशोकाचा सिंहशीर्ष आहे, आपल्या राजमुद्रेवरचा. तोही चुनारच्याच दगडाचा, पण इतका गुळगुळीत घासलेला की नातीला ते पटेना. तिने लोट्याच्या वेळची हकीकत काढून मला पुन्हा पुन्हा विचारले. बाप आणि मुलगी मोटारसायकलीने, बाकीचे रिक्षाने, असे आम्ही गेलो. आपणही जाल तेव्हा वार पाहून जा. हे संग्रहालय शुक्रवारी बंद असते.